‘झालं’चा डबा

आमच्या गिरूसारख्या मुलांना शिकवणाऱ्या एक मॅडम परभणीत आहेत. त्या म्हणाल्या, तुमचं दात घासण्याचं प्रकरण लिहून काढा, दुसऱ्या आईबापांना उपयोगी पडेल. मी म्हटलं, मॅडम, दात घासण्यावर काय लिहायचं? त्या हसल्या नाहीत. आमच्या घरात हल्ली त्याशिवाय दुसरं काही घडलेलंच नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

ब्रश कसा धरायचा, पेस्ट किती घ्यायची, याचे व्हिडिओ मोबाइलवर ढिगानं पडलेत. ते मी सगळे पाहिले. त्यांत भीती कुठंच दाखवत नाहीत, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात करते.

गिरू म्हणजे गिरिजा, आमची एकुलती एक लेक. नऊ वर्षांची आहे, बोलत नाही. आम्ही पाथरीला राहतो. घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान, मागं अंगण, अंगणाच्या कडेला मोरी. घरात गिरू, मी, आमचे हे, माझ्या सासूबाई, ज्यांना सगळे अव्वा म्हणतात, आणि सासरे अप्पा. अप्पा आता नाहीत. तरी घरातली माणसं मोजताना मी त्यांना धरते, आणि ते का, हेच इथं सांगायचं आहे.

गाल

ऑटिझम हा शब्द आम्हाला गिरू लहान असतानाच कळला होता. डॉक्टरांनी सांगितलं, याला आजार म्हणू नका, ही तिची घडण आहे. घरी आल्यावर अव्वांनी विचारलं, कधी बरी होणार? अप्पांनी विचारलं, तिला काय काय बघायला आवडतं? तेव्हा इथं जे आजारपण सांगते ते गिरूचं नव्हे, तिच्या दातांचं.

तिला दुखतंय हे ती सांगत नाही. त्या दिवसांत ती उजव्या गालावर मुठी मारून घ्यायची, भाकरी ताटात तशीच ठेवायची, गोधडीचं टोक चावत बसायची. गालावर मारून घेणं आम्हाला नवीन नव्हतं. मिक्सर लावला तरी ती तसंच करायची. म्हणून आम्ही मिक्सर बंद ठेवला आणि चटण्या पाट्यावर वाटायला लागलो. तिच्या तोंडात काय चाललंय ते पाहायचं तर तोंड उघडायला हवं, आणि तोंडाजवळ ती कुणाचा हात येऊ देत नव्हती.

एके सकाळी तिला उठवायला गेले तर उशीवरचा चेहरा मला ओळखूच येईना. उजवा डोळा मिटलेला, गाल टणक आणि चकचकीत, अंग तापानं फणफणलेलं. जीप करून परभणी गाठली. दातांच्या डॉक्टरांनी गालाला नुसतं बोट लावलं तर ओठाच्या कोपऱ्यातून पू आणि रक्त आलं. मघापासून ते गिरूशी गमतीनं बोलत होते. दाढेतला पू गालात पसरलाय, गळ्याकडं उतरला तर श्वास कोंडेल, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मोठ्या दवाखान्यात भूल देऊनच हे काम होईल, नांदेडला न्या.

“आत्ता निघा,” ते म्हणाले. “घरी जाऊन मग निघतो, असं करू नका.”

बाहेर आलो तर रिक्षावाले सवारीसाठी ओरडत होते, एक बाई पेरूला मीठ लावून घेत होती. सगळं नेहमीसारखं चाललं होतं याचा मला भयंकर राग आला. जीपमध्ये गिरू माझ्या मांडीवर होती आणि मी सगळा रस्ता तिच्या श्वासाकडं कान लावून बसले होते. अजूनही ती झोपली की मी तेच करते.

मास्क

दवाखान्यातल्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. ट्यूबलाइटची घूं घूं आठवते. आम्हाला ती ऐकू येत नव्हती. गिरूनं कान झाकून घेतले तेव्हा ऐकू आली, आणि मग थांबेचना. सलाईनचा हात पुठ्ठ्याला बांधून ठेवलेला, तो ती दातांनी सोडवायला बघायची. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायचं होतं. तिला तहान लागली होती, समोर पाण्याची बाटली दिसत होती, आणि पाणी का देत नाही हे तिला सांगायला माझ्याकडं शब्द होते पण तिच्या उपयोगाचा एकही नव्हता.

शेजारच्या खाटेवर चारठाण्याकडचा एक माणूस होता, जबडा तारांनी बांधलेला. त्याला भेटायला माणसांची रीघ. गिरू किंचाळली की सगळे वळून बघायचे. त्याची बायको उठली आणि आपल्या पाहुण्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. आम्ही होतो तोवर ती पाहुण्यांशी तिथंच बसून बोलायची. जाताना मी तिला काही म्हणायला गेले तर म्हणाली, “त्यात काय, आमचे बी लय बडबडे हाईत.” नवऱ्याचं तोंड तारांनी बंद असताना तिनं हे म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

भूल देताना मला आत जाऊ दिलं. तो मास्क गिरूच्या नाकातोंडावर आला. तिचे हातपाय चौघांनी धरले होते. तोंड झाकलं गेलं आणि वर फक्त डोळे राहिले, आणि ते डोळे डॉक्टरांकडं नाही, मास्ककडं नाही, माझ्याकडं बघत होते. मग ते तसेच उघडे असताना विझले.

ती वाचली. दाढा काढल्या, पू काढला, आठवड्याभरानं आम्ही घरी आलो. पण ते डोळे माझ्याबरोबर पाथरीला आले. मी तिला पाणी पाजायला पेला उचलायची, पेल्याची कड तिच्या चेहऱ्यापाशी यायची, वर डोळे दिसायचे, आणि मी पेला खाली ठेवायची. तिलाही पेला नको झाला होता. चेहऱ्याजवळ गोल काही आलं की ती मान फिरवायची. पाणी ती ओंजळीनं प्यायला लागली.

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं. बाकीच्या दाढाही किडायला लागल्यात. रोज दोन वेळा ब्रश झालाच पाहिजे. नाहीतर परत हेच, परत भूल, आणि प्रत्येक वेळी वेळेत पोचालच असं नाही.

निळा ब्रश

पहिले काही दिवस सगळे करतात तेच आम्ही केलं. ह्यांनी धरायचं, मी घासायचं. तिच्या चेहऱ्यावर नांदेडचाच भाव आला. ह्यांनी तिला सोडलं आणि दुकानात जाऊन बसले. त्यानंतर ते धरायला आले नाहीत, मीही बोलावलं नाही.

मग या मॅडम भेटल्या. त्यांनी सांगितलं, ही मुलं ऐकून कमी शिकतात, बघून जास्त शिकतात. एकेक कृती चित्रात दाखवायची, चित्रं ओळीनं लावायची, एक कृती झाली की तिचं चित्र काढून डब्यात टाकायचं. म्हणजे किती उरलं ते मुलाला दिसतं. आपल्यावर काहीतरी चालून येतंय आणि ते कधी संपणार कळत नाही, ही त्यांची खरी भीती असते, असं मॅडम म्हणाल्या. मला ते फार पटलं, कारण माझीही तीच होती.

त्यांनी छापील चित्रांचा एक संच दिला. गोरा गुबगुबीत मुलगा, हातात निळा ब्रश. ह्यांनी दुकानातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, मी त्यावर कागद चिकटवून ‘झालं’ असं लिहिलं. चित्रांना मागून चपलेच्या पट्ट्याला असते तसली चरचर आवाज करणारी चिकटपट्टी लावली आणि मोरीच्या भिंतीवर ओळ लावून टाकली. गिरूनं ती चित्रं बघितली, मग तिचा लाल ब्रश बघितला, मग घरभर निळा ब्रश शोधत फिरली. निळा आणून दिला तर तो गुबगुबीत मुलगा शोधायला लागली. शेवटी चित्राचा कोपरा चावून खाल्ला. मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, खऱ्या वस्तूंचे, खऱ्या माणसाचे फोटो काढा. ती ज्याच्याकडं बघते असा माणूस घ्या.

घरात असा माणूस एकच होता.

अप्पांची पूजा

आम्ही लिंगायत. अप्पा रोज आंघोळ झाल्यावर पाटावर बसून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचे आणि पूजा करायचे. समोर ताटलीत विभूती, तांब्या, बेलाची पानं, फूल, सगळं ठरल्या जागी, ठरल्या क्रमानं. आणि गिरू, जी कुणाजवळ क्षणभर टिकत नाही, ती समोर मांडी घालून पूजा संपेपर्यंत बघत बसायची. आम्हाला वाटायचं, पोरीला देवाचं वेड. अव्वा तर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या. एकदा फूल आधी आणि बेल नंतर झाला तर गिरूनं अप्पांचा हात धरून फूल परत ताटलीत ठेवायला लावलं. अप्पांनीही निमूट ठेवलं.

मी त्यांना मॅडमचं सांगितलं. म्हटलं, अप्पा, तुम्ही ब्रश करताना फोटो काढायचेत. त्यांनी जन्मभर काळ्या दंतमंजनानं बोटानं दात घासलेले. ब्रश म्हणजे तोंडात झाडू, असं त्यांचं मत.

“उरलेत किती माझे दात,” ते म्हणाले. पण मग गिरूकडं बघून म्हणाले, “बरं. ती बघायलीय ना, मग घासू.”

ह्यांनी मोबाइलवर फोटो काढले. अप्पा ब्रश हातात घेताना. पेस्ट लावताना. वरचे दात, खालचे दात, आतले दात. आणि शेवटी ब्रश तोंडाशी धरून ‘ई’ करून दात दाखवताना. त्या शेवटच्या फोटोत अप्पा असे हसलेत, की तसे ते आमच्या लग्नाच्या फोटोतही हसलेले नाहीत. चूळ भरण्याचा फोटो आम्ही काढला नाही. पेला गिरूला चालत नव्हता, म्हणून नुसतं थुंकायचं, असं ठरलं.

सकाळी मोरीपाशी पाट मांडला. त्यावर ताटली, ताटलीत दोन ब्रश आणि पेस्ट. अप्पा एका पाटावर, गिरू समोर. भिंतीवर फोटोतले अप्पा, खाली खरे अप्पा. पहिल्या दिवशी ती फक्त बघत होती. मी मध्ये बोलले तर अप्पांनी हातानं गप्प बस म्हणून खुणावलं. पुढं तिनं ब्रश हातात धरला, मग ओठाला लावला, मग आत घातला. एकेक फोटो निघून डब्यात पडायचा आणि शेवटी ती झाकण लावायची, टक. तो आवाज झाला की तिचे खांदे खाली यायचे. संध्याकाळी, मग सकाळी, पुन्हा तीच सगळे फोटो डब्यातून काढून भिंतीवर ओळीनं लावायची.

डॉक्टरांकडं नेलं तेव्हा त्यांनी टॉर्च लावायच्या आत तिनं ‘ई’ केलं. मी तिथंच खुर्चीत बसून रडले. डॉक्टरांना वाटलं काही वाईट झालं.

बसलेले अप्पा

अप्पा गेले ते सकाळच्या पूजेनंतर. पाटावरून उठताना खाली बसले आणि परत उठले नाहीत. छातीत आलेली कळ त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. घरात न सांगणारी गिरू एकटीच नव्हती म्हणायची.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. लिंगैक्य झाले, असं म्हणतात. अप्पांना आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून अंगणात बसवलं होतं. पाठ ताठ, तळहातावर लिंग. पूजेला बसावेत तसेच. अंगण माणसांनी भरलेलं, भजन चाललेलं. गिरूला मी आतल्या खोलीत माझ्या बहिणीजवळ ठेवलं होतं. ती कधी सुटून आली कळलं नाही.

ती गर्दीतून वाट काढत आली. हातात ताटली होती, ताटलीत दोन ब्रश आणि पेस्ट. तिनं ती अप्पांसमोर ठेवली आणि मांडी घालून बसली. भजन थांबलं. मग तिनं अप्पांचा ब्रश उचलून त्यांच्या हाताला लावला, पडला, पुन्हा उचलून लावला. त्या थंडगार बोटांत तो बसेना. तिनं अप्पांच्या चेहऱ्याकडं बघून ‘ई’ केलं आणि वाट बघत राहिली.

अव्वांनी जो हंबरडा फोडला तो मला आजही मोरीत पाणी सोडताना ऐकू येतो. ह्यांनी गिरूला उचललं. ती रडली नाही, फक्त वळून वळून मागं बघत होती.

हार घातलेला फोटो

दुसऱ्या दिवशी अव्वा मोरीकडं गेल्या आणि भिंतीवर अप्पांची ओळ दिसली. ब्रश घेतलेले, फेस आलेले, हसणारे. त्यांनी एकेक फोटो काढून पदरात घेतला.

“मेल्या माणसाला मोरीत उभं करायलीस का गं?” त्या मला म्हणाल्या. “त्यांची जागा वर हाय.”

त्यांचं खोटं नव्हतं. आमच्यात काय, कुणाच्यातच गेलेल्या माणसाचा फोटो मोरीत ठेवत नाहीत. फ्रेमसाठी फोटो हवा होता आणि अप्पा एवढे हसलेले दुसऱ्या कुठल्याच फोटोत नव्हते, म्हणून मोबाइलमधला तो ‘ई’चाच मोठा करून आणला. फोटोवाल्यानं ब्रश कापून टाकला, तरी कडेला लाल दांडीचा तुकडा राहिला. हार घातला, खाली उदबत्तीचं घर ठेवलं. भेटायला येणारे वर बघायचे आणि जरा गोंधळायचे. काय प्रसन्न चेहरा, असं म्हणायचे.

गिरूला मोरीत ओळ सापडली नाही. पण मधल्या खोलीत अप्पा सापडले. ती ब्रश घेऊन फ्रेमसमोर उभी राहिली, घासायला लागली, फेस हनुवटीवरून खाली आला आणि थुंकायची वेळ झाली तशी ती तिथंच थुंकली, उदबत्तीवर. घरात गावातली मोठी माणसं बसलेली. अव्वांनी तिच्या हातातला ब्रश हिसकावला. त्यांना दोष देणार नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण गिरूनं त्यानंतर ब्रशला हात लावला नाही.

आम्ही खटपट केली. ह्यांनी स्वतःचे फोटो काढून ओळीनं लावले. गिरूनं ते सगळे एकदम ओरबाडून डब्यात टाकले, झाकण लावलं आणि निघून गेली. तिच्या मते झालं होतं. मॅडमच्या सांगण्यावरून गिरूच्याच हातांचे फोटो काढून पाहिले, ते तिनं उलटे करून ठेवले.

मग एके सकाळी तिच्या उशीवर रक्ताचा डाग दिसला. हिरडीचं रक्त. त्याच दुपारी तिनं गालाला मूठ मारली, एकदाच. मिक्सर बंद होता. माझ्या कानात ट्यूबलाइटची घूं घूं सुरू झाली आणि मी अंगणातच खाली बसले. मला अप्पांचा राग आला, हे लिहायला लाज वाटत नाही. एवढं सगळं तुमच्यावर टाकलं होतं आणि तुम्ही उठून गेलात. आणि राग ओसरल्यावर जे राहिलं ते जास्त वाईट होतं. अप्पा जाऊ शकतात तर अव्वाही जातील, हेही जातील, मीही जाईन. त्यानंतरच्या एखाद्या सकाळी ही पोर मोरीसमोर उभी असेल आणि भिंत रिकामी असेल.

परत मोरीत

अव्वा दारातून बघत होत्या. त्या आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. सोडलं तर आत मोरीतले सगळे फोटो होते, मध्ये मध्ये बेलाची वाळलेली पानं. प्रत्येक अप्पांच्या कपाळाला त्यांनी विभूती लावली होती.

त्या माझ्याशेजारी जमिनीवर टेकल्या. हार घातलेल्या फोटोपुढं रोज बसते पण तिथं ते भेटतच नाहीत, असं म्हणाल्या. मग त्यांनी ‘ई’चा फोटो उचलून हातात धरला.

“ते माझ्याकडं बघत न्हाईत गं,” त्या म्हणाल्या. “पोरीलाच बघायलेत. लाव त्यांना मोरीत. तिथंच बरे होते.”

सकाळी ओळ लागली. पाट मांडला, ताटली ठेवली. समोरचा पाट रिकामा होता. गिरू आली, भिंतीकडं बघितलं आणि पहिलं काम काय केलं असेल, तर अंगठ्यानं एकेक फोटोच्या कपाळावरची विभूती पुसली. आधी ती नव्हती, म्हणून आताही नको. मी अव्वांकडं बघायचं टाळलं. पुसून झाल्यावर तिनं ब्रश उचलला.

तिचा हात एवढ्या दिवसांत काही विसरला नव्हता. वरचे, खालचे, आतले. फोटो डब्यात पडत गेले. ‘ई’चा फोटो शेवटी. तो तिनं हातात घेऊन रिकाम्या पाटाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, ‘ई’ केलं. मग अप्पांना डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. टक. अव्वांनी पदर तोंडाला लावला.

दिवसभर अव्वा त्या डब्याच्या आसपास घुटमळत होत्या. एकदा तर झाकणावर हात ठेवून उभ्या राहिलेल्या दिसल्या. संध्याकाळी गिरूनं डबा उघडला, अप्पांना बाहेर काढलं आणि ओळीनं भिंतीवर लावलं. अव्वा बघत राहिल्या. तेव्हापासून सकाळी त्यांचा पाट मोरीपाशी असतो. अप्पा येतात, दात घासतात, आणि जातात. ज्या घरात हे रोज घडतं तिथं राहणं सोपं नाही. मी अजून पाण्याचा आवाज ऐकून दचकते. पण हिरडीचं रक्त थांबलं आहे.

माझा फोटो

एक गोष्ट राहिली होती, चूळ. थुंकलं तरी थोडा फेस तोंडात राहायचा, ती तो गिळायची, आणि डॉक्टरांना ते पसंत नव्हतं. म्हणजे पेला आणावा लागणार होता. मी ह्यांना म्हटलं, माझा फोटो काढा, पेला तोंडाला लावलेला. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुन्हा माणसाचा फोटो कशाला? अप्पांचं बघितलंत ना, नुसता पेल्याचा लावा. उद्या काही झालं तर? मी म्हटलं, उद्या काही झालं तर म्हणूनच.

फोटो आला तो बघून मीच हादरले. तोंड आणि नाक पेल्यानं झाकलेलं, वर फक्त डोळे. नांदेडला मास्कखाली ती मला जशी दिसली होती, तशी मी त्यात होते. फाडून टाकावासा वाटला. पण मग वाटलं, ते डोळे एवढे दिवस मी एकटीच बाळगते आहे, आता भिंतीवर राहू देत.

गिरूनं तो फोटो काढून बराच वेळ हातात धरला. बोट माझ्या डोळ्यांवरून फिरवलं. मग पेला उचलला. कड ओठाला लागली आणि तिचे डोळे वरून माझ्याकडं बघायला लागले. ते डोळे विझले नाहीत. तिनं गाल फुगवले, खळखळ केली, थुंकली, आणि माझा फोटो डब्यात टाकून झाकण लावलं.

“गेलीस बघ तू बी त्यांच्याजवळ,” अव्वा म्हणाल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी नाहीच असं धरून, मी मुद्दाम मोरीकडं गेले नाही. अव्वांनाही दुकानात बोलावून घेतलं, शेंगदाणे निवडायच्या निमित्तानं. आम्ही दोघी सुपावर हात ठेवून नुसत्या बसून होतो. मागं डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग चिकटपट्टीची चरचर, एकेक. मग पाणी. बराच वेळ काहीच नाही. मग खळखळ. मग टक.

संध्याकाळी परत तेच, आम्ही परत दुकानात. तिसऱ्या दिवशी चरचर थांबल्यावर मी हळूच जाऊन दारातून डोकावले. ओळ लागलेली होती. शेवटी अप्पा ‘ई’ करत होते, आणि त्यांच्या शेजारी तिनं मला लावलं होतं. गिरू आम्हा दोघांकडं बघत दात घासत होती. मी दारात उभी आहे हे तिच्या गावीही नव्हतं.